बंदूक घरी ठेवून या

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या आमच्या सरकारी विद्यापीठात, दाराशी काचेआड एक बाई विणत बसायच्या. रोज दिसायच्या, पण नाव कधी विचारलं नाही. कुणाला थांबवायचं असलं की विणायच्या सुईनं काचेवर टकटक करायच्या.

माझ्या पीएचडीच्या डिफेन्सला एक परीक्षक सकाळची शिकार आटोपून थेट जंगलातून आले. डोक्यावर हिरवी हॅट, खांद्यावर खोळीतली बंदूक.

टकटक!

"शस्त्र आत न्यायला बंदी आहे."

"रिकामी आहे हो. आणि गाडीत सोडता येत नाही."

"मग घरी ठेवून या."

त्यांना न्यायला मी खाली आले होते; माझं डोकंच फिरलं. "अहो, वर सगळे खोळंबलेत! माझी परीक्षा आहे!"

"म्हणूनच," विणता विणता त्या म्हणाल्या. "प्रश्न विचारायला येणाऱ्याला बंदूक कशाला?"

परीक्षक वळले आणि खरंच घरी गेले. मोकळ्या हातांनी परतले आणि प्रश्न विचारून मला सोलून काढलं! मीही हटले नाही. "सर, इथे तुमचं चुकतंय," असं तोंडावर सांगितलं. बंदूक टेबलाला टेकलेली असती तर बोलले असते का?

पास झाले! इथल्या रिवाजाप्रमाणे मित्रांनी माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याची उंच डॉक्टर-टोपी चढवली. मी धावत खाली गेले, काचेमागे शिरले आणि ती बाईंच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी ती नीट बसवली आणि पुन्हा विणायला घेतलं.

मागून परीक्षक आले. टोपी पाहून थबकले, आपली हिरवी हॅट काढून कमरेत वाकले.

टकटक! "गेनाऊ, अगदी बरोबर, हेर प्रोफेसर. आता निघा खुशाल."