सहा-तीन

तिला सगळे डावरीच म्हणायचे, बाबासुद्धा. बाबा कारखान्यात लेथवर कामाला. त्यांनीच मागच्या खोलीत प्लायवुडचं टेबल ठोकून दिलं आणि सातव्या वर्षी तिच्या हातात टेबल टेनिसची बॅट दिली. शिफ्टवरून आले की हातपाय धुवायच्या आधी तिला शंभर चेंडू टाकायचे. ऑइलच्या हातांनी चेंडू निसटतो म्हणून ती कुरकुरायची.

हात चांगला होता, पण मन थाऱ्यावर नसायचं. चार गुण पुढे गेली की बक्षिसाचा विचार, मागे पडली की घरी काय सांगायचं याचा. क्लबातल्या कोचबाईंनी मग एक सवय लावली. सर्व्हिसआधी चेंडूचे तीन टप्पे, एक लांब श्वास आणि नजर चेंडूवर. "बाकी जग मेलं असं समज," त्या म्हणायच्या.

बाविसाव्या वर्षी, एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, ते साधलं. दोन-दोन गेम झाल्या होत्या. पाचव्या गेममध्ये तिची अशी काही तंद्री लागली की चेंडू मोठा दिसायला लागला, सावकाश यायला लागला. हात आपसूक जात होता. स्वतःच्या बुटांचा आवाजही तिला येत नव्हता. सहा-तीन असताना समोरच्या मुलीने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं आणि तिचा सोपा चेंडू हुकला. डावरीने तो गुण घेतला. पुढचेही घेतले. अकरा-तीन.

बॅट उंचावून तिने गॅलरीत बाबांच्या जागेकडे पाहिलं. त्यांची खुर्ची आडवी पडली होती. लोक तिच्याकडे बघत होते, पण टाळ्या कुणीच वाजवत नव्हतं.

बाबा छाती धरून कोसळले होते. पंचांना वाटलं, प्रेक्षकांत काही भांडण असेल. कोचबाई वर धावल्या, त्यामुळे तिला थांबवायला खाली कुणी उरलं नाही. बाबांनी दोनदा हाक मारली, असं मागच्या रांगेतल्या माणसाने सांगितलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दीड महिन्याने आईनेच तिला सरावाला धाडलं. हात परत बसला. पण चेंडू जरा सावकाश यायला लागला, की तिची मान आपोआप मागे वळायची आणि गुण जायचा. नवशिक्या मुलीही तिला हरवू लागल्या.

"मागे काही नाहीये. फक्त चेंडू बघ," कोचबाई म्हणाल्या.

"तेच तर केलं होतं मी."

तो धडा कोचबाईंनी नंतर कुणाला शिकवला नाही.

दोन वर्षं अशीच गेली. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना आई म्हणाली, "ऐकू आलं असतं तरी तू काय केलं असतंस? डॉक्टर होतीस का?"

"शेजारी जाऊन बसले असते."

आईने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

महिन्याभरात डावरीने क्लबातून नाव काढून घेतलं आणि चपलांच्या दुकानात कामाला लागली. खेळ का सोडला, असं कुणी विचारलं तर सांगते, गुडघा गेला.