आडव्या दगडांची वाट

भिकूनाना डोंगरावरून कधी रिकाम्या हातानं खाली उतरले नाहीत. दुधाची किटली, करवंदांची पाटी, नाहीतर एखादं लंगडं करडू काखेत. पौडच्या पुढे धरणाच्या कडेनं रस्ता वळतो तिथं माझी चहा-भज्यांची टपरी आहे आणि टपरीच्या मागूनच नानांची वाट वर पठारावर जाते. किटली माझ्या फळीवर ठेवायची, बाकड्याशेजारी उकिडवं बसायचं आणि चहा बशीत ओतून प्यायचा, हा त्यांचा नेम. "बाकडं काय शोभेला ठेवलंय का मी?" असं मी कितीदा तरी विचारलं. "ते गिऱ्हाइकाचं हाय, हेमा," असं म्हणून ते फुर्रकन बशी संपवायचे.

पठारावर धनगरांची चार घरं होती. तीन खाली उतरली. एक वाकडच्या बांधकामाच्या साइटवर, दोन पिरंगुटला. राहिलं ते नानांचं. शेरडं, थोडी नाचणी आणि बायको सारजाबाई. सारजाबाई बोलायला फटकळ आणि हातानं उदार. मी कधी वर गेले तर आधी शिव्या द्यायच्या, की एवढ्या दिवसांनी आलीस, आणि मग ताकाचा तांब्या पुढं करायच्या.

या वाटेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच आलं. चढावर थोड्या थोड्या अंतरावर मोठे दगड आडवे बसवलेले होते. पावसाचं पाणी वाटेनं धावायला लागलं की दगडाला अडायचं आणि बाजूच्या झाडीत उतरायचं. म्हणून वाट टिकून होती. नानांच्या आज्यानं ते दगड बसवले, बापानं सांभाळले आणि नाना दर उन्हाळ्यात पहार घेऊन हललेला दगड पुन्हा घट्ट करायचे. ती पहार माझ्या टपरीच्या मागेच उभी असायची. डोंगरात ती त्यांची एकच सरकारी नोकरी, असं मी चिडवायचे.

मागच्याच्या मागच्या श्रावणात सारजाबाईंचा दमा उसळला. बांबूला घोंगडी बांधून, त्या झोळीतून चौघांनी त्यांना खाली आणलं. मुलगा सोमनाथ भरे गावाजवळच्या कंपनीत कामाला, तिथंच खोली घेऊन राहतो. त्याच्याकडे त्या महिनाभर राहिल्या आणि बऱ्या झाल्या झाल्या भांडून परत वर गेल्या. सोमनाथ हट्टाला पेटला. माझ्या टपरीतच बापाला म्हणाला, "गाडी वर येत न्हाई तितं मी आयला ठेवनार न्हाई. पावसाच्या आत दोघं बी खाली यायचं."

"आन आली गाडी तर?" नानांनी विचारलं.

"दारात गाडी यिऊ द्या, मग ऱ्हावा खुशाल."

सोमनाथ हे रागानं बोलला. कावळ्याला शिंगं फुटतील तेव्हा, अशा थाटात. पण नानांनी तो शब्द उचलून खिशात ठेवला. त्या दिवसापासून ते रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या चाकांकडे बघायला लागले. मला तेव्हा हसू यायचं.

उन्हाळ्यात एका रविवारी शेखर आला. पुण्याजवळच्या सूसचा. तिथली त्याची जमीन आता सोसायट्यांखाली आहे आणि तिच्या बदल्यात आलेली ती गाडी काळीभोर, म्हशीएवढी रुंद, आत शिरलं की नव्या चामड्याचा वास. बायको शुभांगी शेजारी, दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून. गाडी अजून डांबरावरून खाली उतरलीच नव्हती. मित्र चिडवतात म्हणून आज डोंगरात न्यायचीच, असं ठरवून पठ्ठ्या निघाला होता.

"ताई, इथून कुठं वर जाता येतं का?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत नाना उभे राहिले. "येतं की. चला, मी म्होरं व्हतो."

मला मागे बसवलं, कारण शेखरला गाडीत कुणीतरी इथलं हवं होतं. सुरुवातीचा चढउतार बरा गेला. गाडी डुलायची, शेखरला घाम फुटायचा, समोरच्या पडद्यावर गाडी किती तिरकी झालीय त्याचं चित्र यायचं आणि ते बघून शुभांगी आणखी घाबरायची. "शोरूमवाला म्हणाला कुठंही जाते," शेखर म्हणाला, "पण त्याचं कुठंही म्हणजे हेच का, ते विचारायचं राहिलं." पहिल्या आडव्या दगडावर पुढची चाकं चढली आणि खालून असा आवाज आला की आम्हा तिघांचेही दात शिवशिवले. शुभांगी दार उघडून उतरलीच. शेखरनं गाडी मागे घेतली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "बास. नाही जमायचं बाबा. परत फिरू."

नानांचं तोंड मी त्या वेळी बघितलं. दारात आलेला माणूस उंबऱ्यावरून परत जावा, तसं. "थांबा मालक," म्हणाले आणि खाली पळाले. या वयात पळाले. माझ्या टपरीमागची पहार घेऊन आले आणि आज्यानं बसवलेला दगड उपटून त्यांनी बाजूला ढकलला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.

मी काचेतून ओरडले, "नाना, दगड!"

"परत बशिवतो गं. पावसाला लई टाइम हाय."

असे एकेक दगड काढत त्यांनी ती गाडी घरापर्यंत नेली. सारजाबाई दारात आल्या, बघितलं आणि तशाच आत गेल्या. हळदीकुंकू आणून बोनेटला लावलं, चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं. शेखर ओशाळला. सारजाबाईंनी विचारलं, "ह्यात आडवं हून जाता येतं का रं बाबा?" शेखरनं बटण दाबून सीट मागे पाडली. सारजाबाई चप्पल बाहेर काढून तिच्यावर आडव्या झाल्या आणि इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. नाना बाजूला उभे, पहारीवर दोन्ही हात, कपाळावर माती. एवढं खूश मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

सोमनाथ शब्दाचा पक्का. त्यानं येऊन चाकांचे माग बघितले, शेखरचा नंबर घेतला आणि म्हणाला, "ऱ्हावा."

पण शेखरनं फोटो टाकले होते. पुढच्या रविवारी त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. पाच-सहा गाड्या धूळ उडवत वर जायच्या, चाकं जागेवर फिरवून माती उकरायच्या. वाटेच्या मधोमध दोन चर पडले, गुडघ्याएवढे. माझी भजी खपत होती, ते खरं. तरी ज्येष्ठ लागल्यावर मी नानांना विचारलं, "दगड कधी बसवणार?"

त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला. "बशिवले तर गाडी कशी यील?"

"आणि नाही बसवले तर वाट राहील का?"

"एक साल निगंल. माती घट हाय."

मला संताप आला. अख्खी हयात पाणी कुठं जातं ते बघण्यात गेली त्या माणसाची, आणि तो मला म्हणतो माती घट्ट आहे. पण त्यांना दुसरं काय म्हणता येणार होतं? दगड बसवले की सोमनाथ येऊन आईला घेऊन जाणार. त्यांनी दगड तसेच राहू दिले.

आषाढात पाणी त्या चरांतूनच धावलं. वाटेच्या मध्यावर एक मोठा कातळ आहे, त्याला खेटून वाट जायची. तेवढा सगळा भाग खाली गेला. शेरडंसुद्धा तिथून उतरेनात. आठवड्यानं सारजाबाईंना धाप लागली. सोमनाथचा फोन आल्याबरोबर शेखर सूसवरून त्या पावसात आला. खोटं कशाला बोलू, आला. गाडी माझ्या टपरीपाशी उभी राहिली, पुढे जायला काही नव्हतंच. मग सोमनाथ, शेखर आणि गावातले दोघं डोंगराच्या दुसऱ्या अंगाच्या धारेवरून, लांबच्या फेऱ्यानं वर गेले आणि झोळीतून त्यांना घेऊन आले. निघालेले सकाळी, उतरले अंधार पडताना. सारजाबाईंचे ओठ निळे पडले होते.

त्या वाचल्या. पण दवाखान्यातून सुटल्यावर भऱ्याची खोली. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत. शेरडं विकली. नाना रोज सकाळी एसटीनं माझ्याकडे यायचे, पहार घ्यायचे आणि वर जायचे. दगड पुन्हा बसवायचे. संध्याकाळी परत गेले की सारजाबाई विचारायच्या, "वाट कुटवर आली?"

"जांभळीपतुर."

मग, "हुंबराच्या झाडापतुर." पुढं कातळ आला. तिथं दगड ठरेना. बसवला की दुसऱ्या दिवशी खाली घरंगळलेला. टेकायला जमीनच नव्हती. नानांनी मला दाखवून आणलं, आणि मी खालून बघूनच समजले. पण भऱ्याच्या खोलीत त्यांनी वाट थांबू दिली नाही. कातळ ओलांडला म्हणून सांगितलं. टेकाड आलं म्हणून सांगितलं. बायको तेवढं ऐकून दोन घास जेवते, म्हणाले. कार्तिकात एक दिवस त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दारापतुर आली."

"मंग चला की," सारजाबाई म्हणाल्या.

शेखरच घेऊन आला त्यांना, त्याच गाडीतून, सीट मागे पाडून. सोमनाथ मागे मोटारसायकलवर. सारजाबाईंनी नवं लुगडं नेसलेलं, मांडीवर गाठोडं. त्यात घराची किल्ली, देव्हाऱ्यातले टाक आणि तांदूळ. मी त्यांना बाकड्यावर बसवलं. नाना गाडीतून उतरले ते माझ्याकडे बघेनात, टपरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

माझ्या बाकड्यावरून डोंगर पूर्ण दिसतो. कार्तिकात तो हिरवा असतो आणि त्या हिरव्यात कातळापासून खालपर्यंत तांबडी माती उघडी पडली होती, रुंद. ती न दिसायला आंधळंच असावं लागतं. सारजाबाईंनी वर बघितलं. खूप वेळ बघितलं. सोमनाथ काहीतरी बोलायला गेला, मी त्याचा हात दाबला.

"बरी केलीया वाट," सारजाबाई म्हणाल्या. "लई राबलासा."

नानांनी मान वर केली नाही.

"पर आज दम न्हाई मला. उंद्या जाऊ." मग माझ्याकडे वळल्या, "हेमा, च्या टाक. आन हे गाठुडं ठिव हितंच. उंद्या न्ह्यायचंच हाय, कशाला वागवू?"

चहा उकळेपर्यंत मी पाठ फिरवून रडले. नाना त्या दिवशी पहिल्यांदा बाकड्यावर बसले, बायकोच्या शेजारी, आणि दोघांनी एकाच बशीतून चहा प्यायला.

पौषात सारजाबाई भऱ्यातच गेल्या. नाना अजून एसटीनं येतात, पहार घेऊन कातळापर्यंत जातात. फळीवरचं गाठोडं त्यांना रोज दिसतं. ते मागत नाहीत, मी काढत नाही.