शून्य आलं की उत्तर नाही

अमरावतीत ज्या सरांनी मला हायर ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन शिकवलं, त्यांना ते येत नव्हतं. हे मी रागाने म्हणत नाही, राग तेव्हाच येऊन गेला. आता उरली आहे ती किळस, आणि तीही सगळी त्यांच्या वाट्याची नाही.

सरांचं स्वतःचं गाईड होतं. परतवाड्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत बी.एस्सी.ची पोरं पुस्तकाला हात न लावता तेच घोकत. सर ट्यूशनमध्ये ते वाचून दाखवायचे आणि आम्ही ते वहीत उतरवायचो, म्हणजे छापलेलं होतंच ते पुन्हा हाताने. याला ते 'नोट्स देणं' म्हणत. डोक्यावरचा स्लॅब किती वाकेल हे चौथ्या ऑर्डरचं समीकरण सांगतं, पण त्याच स्लॅबखाली दोन वर्षं बसून मला हे कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? गाईडात ते नव्हतं.

मी रोज चांदूर रेल्वेहून एसटीने यायची. घरी वांगी-मेथीचा मळा. आमच्यातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि मला एम.एस्सी. करायचं होतं. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षेत सगळे पेपर सुटले तरच प्रवेश मिळणार होता.

एके दिवशी सरांनी फळ्यावर दुसऱ्या ऑर्डरचं एक समीकरण लिहिलं. एखादी वस्तू आपल्या तालात डोलते आहे, तिला नेमके त्याच तालात धक्के दिले तर ती कशी हलेल, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीच्या रीतीने सोडवलं की खाली उणे चार अधिक चार येतात आणि शून्याने भागायची पाळी येते. इथे रीत बदलायची असते, हे कुठल्याही बऱ्या पुस्तकात असतं. गाईडात होतं, 'शून्याने भागता येत नाही, म्हणून उत्तर नाही.' पुढे कंसात मार्क.

मी विचारलं, "सर, पण ते हलते तर खरं ना? मंग उत्तर नाई कसं?"

"काहून जास्तीचं डोकं लावून रायली? शून्यानं भागता येते काय?"

"नाई."

"मंग झालं. लिहा पुढं."

वर्ग हसला. नाचता येईना अंगण वाकडं, पण ते अंगण छापून विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

परतताना एसटी एका ठरावीक वेगाला आली की माझ्या बाजूची काच थरथरायला लागे. थरथर वाढत वाढत जाई आणि ड्रायव्हरने वेग बदलला की काच गप्प. उत्तर नाही म्हणे! घरी जाऊन मी उत्तराला काळाने गुणून पाहिलं, म्हणजे जितका वेळ जाईल तितका झोका मोठा. दोनदा डिफरन्शिएट केलं, समीकरणात परत घातलं. तंतोतंत बसलं. मी इतकी खूश झाले की मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या आईला वही दाखवली. तिने लुगड्याला हात पुसून वही घेतली आणि म्हणाली, "अक्षर चांगलं हाये."

परीक्षेत तोच प्रश्न आला. मी माझं उत्तर लिहिलं, खाली पडताळाही लिहिला. आठपैकी शून्य मिळालं आणि मी तीन मार्कांनी नापास झाले.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढून मी सरांकडे गेले. तपासणाऱ्यांना दिलेलं मॉडेल आन्सर त्यांच्याच हातचं होतं. त्यांनी चष्मा लावला, पडताळा दोनदा वाचला. मला वाटलं होतं, ओरडतील. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाये तुयं."

"मंग सर?"

"साऱ्या पोरायनं गाईडातलं लिवलं. तुले मार्क देले तर त्यायचे कापा लागतीन. अन् नवी आवृत्ती छापून झाली."

त्यांना येत नव्हतं तोवर ते मला नुसते मूर्ख वाटत होते. त्या दिवशी कळलं की समजावल्यावर त्यांना समजतं, आणि मग माझ्या मनातून ते पार उतरले.

प्रवेशाचं वर्ष वाया गेलं. हिवाळी परीक्षेला तोच प्रश्न पुन्हा आला, आकडे तेवढे बदललेले. मी पाच मिनिटं पेन हातात धरून बसले. मग लिहिलं, 'शून्याने भागता येत नाही, म्हणून उत्तर नाही.' आठपैकी आठ मिळाले.

पुढे एम.एस्सी. झालं आणि अकोल्याच्या एका कॉलेजात लागले. मी बरोबर रीत शिकवते आणि दरवर्षी माझ्या त्या शून्याची गोष्ट सांगते. चांगली रंगवून सांगते. सरांची नक्कल करते, पोरं हसतात, मलाही बरं वाटतं. गाईड अजून चालतं, मॉडेल आन्सर अजून त्यातूनच निघतं. हिवाळी परीक्षेची गोष्ट मात्र मी कधीच सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी एक विद्यार्थिनी झेरॉक्स घेऊन आली. उत्तर बरोबर, खाली पडताळा, बाजूला लाल शून्य. तिचाही एम.एस्सी.चा प्रवेश गेला होता. तिच्या तोंडावर मात्र तक्रार नव्हती. उलट मान ताठ होती.

"मॅडम, तुमच्यासारखंच झालं माह्यं," ती म्हणाली. "हिवाळीले आला तं पुन्हा हेच लिहीन. तुमी बी हेच लिवलं असन ना?"

मी हो म्हणाले.