'र'चं बटन

ताई लग्न होऊन शिरूर कासारला गेली आणि युसूफ वडगाव या आमच्या गावातलं लग्नपत्रिकांचं दुकान माझ्या एकटीवर आलं. वडिलांच्या किराणा दुकानाला लागून असलेली खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. टायपिंग दोघींनाही यायचं. पण काही बिघडलं की उघडायची ती. मी स्क्रू तळहातावर धरून उभी असायची.

दीड महिन्यातच माझ्या हातून कीबोर्डवर चहा सांडला. पुसला, वाळवला, तरी 'र' उमटेना. ऐन लग्नसराईत पत्रिकेत वर कुठून आणायचा? बीडहून नवा कीबोर्ड मागवता आला असता. मी ताईला फोन लावला.

"कावून गं, या वेळेला?" ती हळू बोलत होती. बहुतेक सासूबाई जवळच असाव्यात.

"'र' चालत न्हाई, ताई."

"पहिले वायर काढ. उघडायच्या आधी फोटो काढून ठेव."

एक स्क्रू लेबलखाली लपलाय, हे तिनं न बघता सांगितलं. आत रबराच्या टोप्या आणि प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे होते. चहा त्या पापुद्र्यांत शिरून चिकटला होता.

"ओल्या फडक्यानं टिपून घे. घासू नको, त्यावरच्या करंटच्या रेघा जातील. मग सावलीत वाळू दे."

सांगायचं संपलं, तरी तिनं फोन ठेवला नाही.

"पत्रिका कुणाची हाय?"

मी सांगितलं.

"वरती गणपती कोणता टाकला?"

"तू काढलेला."

"इथं कॉम्प्युटरच न्हाई गं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सगळं जोडलं. 'र' उमटला. मी ओळभर 'र' टाइप करून तिला फोटो पाठवला. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, "शाबास."

आता पुष्कळ दुरुस्त्या माझ्या मला जमतात. गावातले लोकही माझ्याकडेच येतात. मात्र ताईला फोन करायला कारण उरत नाही, आणि नुसतं 'करमत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही.

परवा पडद्यावरचा बाण उड्या मारायला लागला. माउस टेबलाच्या काचेवर ठेवलाय म्हणून, हे मला कळत होतं. तरी फोन लावला. ती अगदी पहिल्यापासून सांगत गेली, मी हं हं करत ऐकत राहिले.