अण्णांची डावी बाजू

मागच्या शनिवारी सकाळी होटगी रोडवरच्या एका छोट्याशा क्लिनिकमध्ये मी आणि अण्णा नंबर लावून बसलो होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. आई गेल्यापासून इथल्याच भवानी पेठेतल्या घरात एकटेच असतात. मी पुण्यात... पंधरा दिवसांनी एक चक्कर मारते.

गेले काही आठवडे त्यांची पाठ दुखत होती. जेल झालं, गोळ्या झाल्या, मी ऑनलाइन नवी गादीसुद्धा पाठवली. फरक शून्य. कधीही विचारा, उत्तर एकच... "वय झालं की गं. दुखायचंच आता."

ऑस्टिओपॅथ हा शब्द मला मैत्रिणीकडून कळला. ती म्हणाली, हे डॉक्टर हाताने तपासून हातानेच उपचार करतात आणि घाई करत नाहीत. मला वाटलं, असेल मालिशचाच प्रकार. अण्णांनाही तसंच वाटलं असणार, म्हणून तर मुकाट्याने रिक्षात बसले.

डॉक्टर जेमतेम तिशीची मुलगी. अण्णांनी दोन वाक्यं बोलल्याबरोबर तिने विचारलं, "आजोबा, अक्कलकोटकडचे का?" ती मैंदर्गीची निघाली, आणि अण्णांचं आजोळही तेच. मग काय, पाच मिनिटं दोघं कन्नडमध्येच रमले.

तपासणी मात्र वेगळीच होती. आधी तिने त्यांना नुसतं चालायला लावलं. मग स्टुलावर बसवून मागे उभी राहिली आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवले... दाबणं नाही, चोळणं नाही. बराच वेळ हात तसेच.

हळूहळू तिचे हात पाठीवरून खाली आले आणि बरगड्यांवर थांबले. "आता सावकाश श्वास घ्या." अण्णांनी घेतला. "परत एकदा." तिने डोळे मिटले होते. डाव्या हाताची बोटं एकेक बरगडी मोजल्यासारखी सरकत होती... एका जागी ती थबकली, आणि अण्णांचा श्वासही अर्ध्यावर थांबला.

तिने हात काढला नाही. फक्त वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "यावाग बिद्रि?"

कधी पडलात?

मला कन्नड कळत नसेल, असं तिला वाटलं असावं. पण आमच्या घरात आई-अण्णा कन्नडच बोलायचे, आम्ही पोरं मराठीत उत्तर द्यायचो. अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "मूरु वार," म्हणाले. तीन आठवडे झाले.

 

माझा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं, की मला सगळं कळलंय. रागावू नका, वगैरे काही ती म्हणाली नाही. "ताई, जरा इकडे या," म्हणाली आणि माझे दोन्ही तळवे धरून अण्णांच्या पाठीवर, बरगड्यांच्या दोन बाजूंना ठेवले. "आता श्वास घ्या, आजोबा."

उजवा हात हलला. वर आला, खाली गेला. डावा जागच्या जागी... सगळी बाजू लाकडासारखी ताठ. केवढे बारीक झालेत अण्णा, हेही मला तेव्हाच कळलं. सदऱ्यातून दिसलं नव्हतं.

"ही बाजू ते जपतायत, एवढं हाताला कळतं," ती म्हणाली. "आत काय झालंय ते एक्स-रे काढल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि तोवर काही करणारही नाही." हाडांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. माझ्या मनातली मालिश राहिलीच.

एक्स-रेमध्ये एका बरगडीला बारीक फ्रॅक्चर निघालं, आपोआप जुळत आलेलं. आराम करायचा आणि दिवसातून चार वेळा दीर्घ श्वास घ्यायचा, एवढंच औषध.

घरी आल्यावर चहा केला. अण्णांनी स्वतःच सांगितलं. चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, पाइप गच्चीवरच्या टाकीत सोडायला निघाले आणि ओल्या जिन्यावरून पाय सरकला. थोडा वेळ तिथेच बसून राहिले. मग उठून टाकी भरली.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू बॅगच भरली असतीस की." कप खाली ठेवून म्हणाले, "हितं गल्लीत चार माणसं हायत बोलायला. तितं तुझ्या बाराव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू?"

बॅगेचं खरंच होतं. दिवाळीत मीच म्हटलं होतं, काही झालं ना अण्णा, तर सरळ पुण्याला न्यायचं. काळजीनेच म्हटलं होतं...

मी ऑफिसला आठवड्याची सुट्टी टाकली. प्लंबर बोलावून खालूनच टाकी भरेल अशी मोटर बसवली, जिन्याला कठडा लावून घेतला. समोरच्या घरातल्या वहिनींकडे एक किल्ली दिली. अण्णांनी एकच कबूल केलं... पडलो, धडपडलो, तर त्याच दिवशी फोन. मीही कबूल केलं, की तो फोन आल्यावर पुण्याचं नाव काढणार नाही. आधी ऐकून घेईन.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना एक्स-रे दाखवायला गेलो. तिने परत तसेच हात ठेवले, मला परत बोलावलं. डावी बाजू थोडी हलली. थोडीच... पण हलली.

तीन आठवडे रोज फोनवर मी विचारत होते, "अण्णा, बरे आहात ना?" त्या प्रश्नातली धमकी मला ऐकू आली नव्हती. त्यांना रोज ऐकू येत होती.