दोन नंबरचा ब्लोअर

आधीच सांगतो, भूत-पिशाच्च, करणी-बिरणी यातलं मला काहीही पटत नाही. या ग्रुपवर इतरांच्या अनुभवांची टिंगल करणाऱ्यांत मी कायम पुढे. आता माझीच पाळी आलीय… हसा.

रोह्याला लागून वरसे आहे, तिथे आम्ही राहतो. बाबा इथल्याच एका केमिकल कंपनीत तीस वर्षं फिटर होते. तिथल्या मशीनच्या आवाजाने त्यांचा उजवा कान पार गेला, डावा जेमतेम शिल्लक. पेणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "हा एक सांभाळा. गेला तर परत यायचा नाही."

आणि मी काय करतो? नॉइज. इंडस्ट्रियल म्युझिकमधला सगळ्यात कर्कश प्रकार. सूर नाही, ताल असला तर असला. जोडीदार स्वप्नील पेणचा, त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती रंगवायच्या स्प्रे-गनचा कॉम्प्रेसर रेकॉर्ड करूनच आम्ही सुरुवात केली. आई म्हणते, "पोरगा पत्रे घासतोय."

एका दुपारी बाबांनी विचारलं, "काय करतोस रं दार लावून?" मी ऐकवायला बसलो. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या खोक्याला टेकवलं आणि मूठ डाव्या कानाला. जुने फिटर मशीनच्या पोटातला आवाज असाच ऐकतात. आधी रिदमिक नॉइज लावलं, म्हणजे फाटलेल्या ड्रमचे ठोके. म्हणाले, "ही बॉल मिल. आत लोखंडी गोळे आपटतायत." मग डेथ इंडस्ट्रियल, संथ आणि जड… "बॉयलर. पाणी कमी हाय." पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिट्टीसारखा फीडबॅक आणि वर किंचाळणं असतं. "ह्यो आमचा सुपरवायझर!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. बाबांनी माझं काम आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

मग मी आमचा नवा ट्रॅक लावला. हा प्रकार नॉइज वॉल — आवाजाची सलग भिंत. बावीस मिनिटं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीही बदलायचं नाही हाच नियम. यात कुठल्याही मशीनचं रेकॉर्डिंग नव्हतं. साउंड मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडलं की तो आपसूक घोंघावतो, तेवढंच.

बाबांचा चेहरा उतरला. "ह्यो दोन नंबरचा ब्लोअर. बेअरिंग वाजतंय. बंद कर."

"बाबा, यात मशीनच नाय."

"मी ऐकलाय त्यो!"

त्या दिवशी त्यांनी घरात कधी न काढलेली गोष्ट सांगितली. ब्लोअरचं, म्हणजे हवा फेकणाऱ्या मोठ्या मशीनचं, बेअरिंग वाजतंय हे त्यांना आधीच कळलं होतं. वरून सांगण्यात आलं, बॅच उरकू द्या, मग बघू. बाबांनी ऐकलं आणि चहाला गेले. तेवढ्यात आतला पंखा फुटला. शेजारी वसंत उभा होता, त्यांचा हेल्पर. जागीच गेला.

मी समजावलं, ही फाइल आहे, फाइल झिजत नाही. असलं संगीत कॅसेटवर काढणाऱ्या युरोपातल्या एकाला रविवारी ती पाठवायची होती. "पाठवली की उडवतो," म्हटलं.

"मंग मी बसतो. सोडून जाणार नाय."

रोज दुपारी ते बसायचे. मी थांबवू शकलो असतो, पण नाही थांबवलं. म्हणायचे, वाढतंय, वाढतंय. तिसऱ्या दिवशी मलाही ऐकू आलं… चौदाव्या मिनिटाला, टक्. स्क्रीनवर आवाजाच्या आलेखात पाहिलं तर तिथे बारीक टोक उभं. स्वप्नीलला फोन केला. त्याच्याकडची कॉपी आठवडाभर आधीची, तीत तर नसायला हवं होतं. तीतही होतं. आणि खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला ते आवडलं. ट्रॅकला धार आली असं वाटलं.

रविवारी सकाळी अकराला पाठवण्याआधी शेवटचं ऐकत होतो. बाबा स्क्रूड्रायव्हर लावून बसलेले. आवाज इतका कमी की स्वयंपाकघरातून आईच्या कुकरची शिट्टी वरचढ येत होती. अचानक बाबा ओरडले, "वसंता, सर तिकडं!" आणि डावा कान दाबून मागे कोसळले. मी काहीही ऐकलं नाही. आईनेही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, जवळ स्फोट झाला होता का? मी नाही म्हटलं. मग म्हणाले, कधी कधी असं एकाएकी होतं. डावा कान कायमचा गेला.

फाइलमधला आवाज आता चौदाव्या मिनिटाला संपतो. पुढची आठ मिनिटं सरळ रेघ. स्वप्नीलकडेही तेच. आमच्या ओळखीच्या दोन साउंडवाल्यांना दाखवली, दोघांनी हात टेकले. मिक्सरमध्ये ब्लोअर कुठून आला, मला माहीत नाही. ज्याला काही सुचेल त्याने जरूर लिहावं, मी टिंगल करणार नाही.

आता बाबांशी वहीवर लिहून बोलतो. परवा धीर करून लिहिलं, "बाबा, तुम्ही सांगितलं होतं. मी बंद केलं नाही. माझं चुकलं."

त्यांनी वाचलं. मग आपला आवाज केवढा येतोय हे न कळून, शेजारपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मी पण असंच लिवणार व्हतो. वसंताच्या बायकोला. ऱ्हाऊन गेलं."