मासळीचा बर्फ

आईच्या नव्या गुडघ्यावर मी मासळीचा बर्फ ठेवला आणि येतोय तो वास औषधाचा आहे, असं तिला सांगितलं. चूक इथूनच सुरू झाली.

आम्ही लिंगायत. लातूरला किराण्याचं दुकान. घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आई चहा घेत नसे. गुडघा बदलून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, सूज उतरेपर्यंत बर्फाने शेकत राहा. पण दुष्काळाचा उन्हाळा होता. तासन्‌तास वीज नसायची, त्यामुळे दवाखान्याने दिलेली जेलची पिशवी फ्रीजमध्ये गार होईना. बर्फाचा कारखाना पाण्यावाचून बंद. आई सुजेने कळवळायला लागली तसा मी मासळी बाजारात गेलो. तिथला बर्फ नांदेडहून, माशांच्याच गाडीतून यायचा.

"मालक, वाट चुकलाव का?" मासेवाली हसली.

"बर्फ पाहिजे. शेकायला."

"बर्फानं शेकतेत व्हय? न्या. पण वास जाणार न्हाई, आधीच सांगून ठेवते."

तो बर्फ करडा होता, हाताला बुळबुळीत लागायचा. फोडताना त्यातून लालसर पाणी गळायचं. मी श्वास रोखून तो पिशवीत भरायचो, वरून टॉवेल गुंडाळायचो. पिशवी कुठंतरी पाझरायचीच. एकदा टॉवेलला खवला चिकटलेला दिसला. नखाने काढला आणि मोरीत जाऊन ओकलो. हात धुवायला तांब्याभरच पाणी होतं. जेवताना बोटांना तोच वास. आणि हे मी आईच्या टाक्यांशेजारी रोज ठेवत होतो.

उदगीरची मावशी बघायला आली. "आमचं उदगीर जिल्हा हुईल तवा मोठा दवाखाना तिथंच हुईल. थांबली असतीस तर!" असं म्हणत ती कॉटवर टेकली आणि लगेच नाकाला पदर लावला. "अक्का, जखम सडली की काय गं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "औषधाचा वास हाय, मावशी."

त्या दिवसापासून आई स्वतःच्या पायाकडे बघेना. जेवण टाकलं. मी जवळ गेलो की चादर ओढून घ्यायची. मला वाटलं, दुखत असेल. मग एका सकाळी बायको म्हणाली, "आईंनी पूजा केली न्हाई. कालबी केली न्हाई."

मी विचारायला गेलो. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"सडक्या अंगानं लिंग हातावर कसं घेऊ, लेकरा? पाय कापायचा असंल तर कापू दे. पण हा वास मला सहन होईना."

तिला स्वतःची किळस वाटत होती, आणि ती माझ्यामुळे. मी खाली बसलो. तिची पावलं धरायला हात पुढे केला, पण त्याच हातांनी सकाळी बर्फ फोडला होता. हात मागे घेतला.

"आई, पाय सडलेला न्हाई. डॉक्टरला आजच दाखवू, पण वास तुझ्या अंगाचा न्हाई. बर्फ मासळीचा हाय. मी आणला आणि तुझ्याशी खोटं बोललो. चुकलो मी. मला माफ कर."